विषय क्रमांक चार

स्मरणिकेसाठी चार पानं द्या, सेक्रेटरी म्हणाले,
क्लबचा इतिहास, जरा भारदस्त.
मी लोखंडी कपाट उघडलं.
सतरा रजिस्टरं, एक फाटकं ब्लॅडर,
आणि उंदरांनी कॉलर खाल्लेली
चार नंबरची जर्सी.

युनायटेड खलासी क्लब, मोतीबाग.
पहिलं पान एकोणीसशे एकतीसचं,
अक्षर टाइमकीपर ॲम्ब्रोज मास्करचं, उजवीकडे कललेलं.
सभासद अकरा. बूट सहा जोड.
शेरा : प्रत्येकास एकेक,
उरलेला गोलकीपरला.

पुढे नुसता खर्च.
कापूर, चुना, बॉलची शिलाई,
रेफ्रीचा टांगा.
गोल कुणी केला हे लिहायचं
बरेचदा राहूनच गेलंय.
लिंबं कुणी कापली ते मात्र दर सामन्याला आहे :
डोमाजी.
डोमाजी.
डोमाजी शंभरकर.
माझे वडील. चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला,
चुन्याच्या रेघेला त्यांचा पाय कधी लागला नाही.

अठ्ठावन्न सालचं पान वेगळं,
त्यावर तर्रीचा डाग आहे.
बी डिव्हिजनची फायनल, मे महिना, कस्तुरचंद पार्क,
कामठीच्या संघावर दोन-एक.
दुसरा गोल बॉयलर खात्यातल्या शेषराव उकेचा,
जो हाफटाइमपर्यंत ड्यूटीवरच होता
आणि काजळीच्या हातांनीच मैदानात उतरला.
चांदीचा पत्रा मढवलेली शील्ड
संत्र्याच्या हातगाडीवरून वस्तीत आली.
सावजीच्या खानावळीत तिच्यापुढे ताट वाढलं म्हणतात.
ताटाचे पैसे मांडलेत,
म्हणजे खरंच वाढलं असणार.

मग संपाचं वर्ष.
पगार नाही, उधारी बंद.
शील्ड इतवारीत सराफाकडे गहाण,
एकशे चाळीस रुपये.
ज्वारी सात पोती.
खाली वाटपाची यादी, बायकांच्या अंगठ्यांसह,
आणि यादीत एकोणिसावा
हबीब खाँ, कामठी.
ज्याच्या डावीकडून शेषरावने बॉल घातला होता,
तो गोलकीपर.
तोही संपातच होता.
एक पायली जास्त दिलेली दिसते. कारण लिहिलेलं नाही.

त्यानंतर प्रत्येक वार्षिक सभेत
विषय क्रमांक चार : शील्ड सोडवणे.
चर्चा झाली. वर्गणी ठरली.
पुढील सभेपर्यंत तहकूब.
पंचाहत्तरमध्ये तहकूब. नव्वदमध्ये तहकूब.
एका वर्षी सभेला तिघेच आले,
त्यांनीही रीतसर तहकूब केला.
पेढीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.
छोटी लाईन गेली, शेड गेली,
आम्ही बीमधून सीमध्ये गेलो
आणि सीच्या खाली डिव्हिजनच नाही
म्हणून तिथे टिकून आहोत.

मी रेल्वेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं.
एकशे चाळीसवर साठ वर्षांचं चक्रवाढ व्याज
मला तोंडी काढता येतं.
मी काढलं नाही.

चार पानं लिहून दिली.
सेक्रेटरींनी चाळली, चष्मा वर केला,
"मॅडम, याच्यात गोल कुठं हायेत?
ज्वारीच ज्वारी लिहिली तुम्ही."
म्हटलं, रजिस्टरात जे आहे ते.
म्हणाले, बघू.
सभेपुढे ठेवू.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर गेले,
पिशवीत सहा लिंबं, बाबांची सुरी.
हाफटाइमला पोट्टे म्हणाले,
"ग्लुकोज हाये ना बाई आमच्याकडे."
मी तरी कापली.
नव्या बॅचमधली एक मुलगी, दोन्ही पायांत बूट,
नाडी सुटलेली,
तिने फोड उचलली, तोंड वाकडं केलं,
साल माझ्याच हातावर ठेवली
आणि बॉलमागे गेली.